गुलाबाईचा खाऊ

गेल्या भाद्रपदात आमच्या मंडळाने भुसावळला कॉलनीत गुलाबाई बसवली. पंधरा-वीस मुली जमल्या. पण गाणी कुणालाच येईनात! मग एकीने मोबाइलवर गाणं लावलं, दुसरीने स्पीकर आणला. गाणं वाजतंय, टाळ्या चालल्यात, तोंड मात्र कुणाचंच उघडत नाही.

मैत्रिणींनो, आठवतं ना? भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या खानदेशात महिनाभर हेच चालायचं. एखादीचा आवाज फाटका असला तरी तिलाही सोबत घ्यावं लागे. नावडतं गाणंही शेवटपर्यंत म्हणावं लागे, कारण त्याशिवाय खाऊ नाही!

1987 साली ‘रामायण’ लागायचं, तेव्हा अख्खी गल्ली एका टीव्हीपुढे बसायची. आता, विशेषतः 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यापासून, आमच्या घरात चौघांचे चार फोन. काल जे पाहिलं त्याच्यासारखंच आज तो फोन पुढे करतो. त्यामुळे मुलाच्या फोनमध्ये नुसतं क्रिकेट, माझ्यात कीर्तन आणि लोणची. नाही आवडलं की बोटाने ढकलायचं. ही सवय हळूहळू माणसांच्या बाबतीतही लागते की काय, अशी मला धास्ती वाटते. घरातलं म्हातारं माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागलं की पोरांचे चेहरे बघा.

अर्थात सगळा दोष मोबाइलला कशाला द्यायचा? ‘केसावर फुगे’ हे अहिराणी गाणं त्याच्यामुळेच गावोगाव पोचलं. अहिराणी बोलायला लाजणारी पोरंही त्यावर नाचली.

पण आपल्या बहिणाबाईंचं बघा. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात काम करता करता गायच्या. मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ते ऐकलं, उतरवून ठेवलं, म्हणून त्यांच्या पश्चात 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. घरात ऐकणारे कान होते हो!

माझ्या घरात ते नव्हते. सासूबाईंना गुलाबाईची पंचवीसेक गाणी पाठ. दुपारी गहू निवडताना गुणगुणायच्या. मी तिथेच भाजी चिरत असायची, कानात इअरफोन घालून. ‘‘आई, एकदा सगळी रेकॉर्ड करून घेते,’’ असं किती वेळा म्हटलं असेल. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. फोनमध्ये त्यांचे ढीगभर फोटो आहेत, गाणं एकही नाही.

तर त्या संध्याकाळी शेवटी कोपऱ्यातल्या एका आजींनीच स्पीकर बंद करायला लावला आणि स्वतः सुरुवात केली. तिसऱ्या कडव्याला अडल्या, हसल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. मुली चाचरत मागे म्हणू लागल्या. मग मी डबा हलवला.

‘‘काकू, गुगलवर बघू का?’’ एकीने विचारलं.

डब्यात फुटाणे होते. ओळखायला त्यांना अर्धा तास लागला.