एका शेपटाचा घोटाळा

बालमित्रांनो, वसईजवळच्या भुईगावात राहणारी एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिला इंग्रजीत 'माझे बाबा' हा निबंध लिहायचाय. बाबा पहाटे उठतात, वाडीतली फुलं तोडतात आणि लोकलनं दादरच्या बाजारात नेतात. परत आल्यावर वाडीला पाणी देतात. म्हणून तिनं मोठ्या प्रेमानं लिहिलं, 'माय फादर वर्क्स हार्डली.'

झालं! वाचणाऱ्याला वाटलं, हिचे बाबा काम करतच नाहीत की काय?

बिचारीचं चुकलं कुठे? 'स्लो'चं 'स्लोली' होतं, 'क्विक'चं 'क्विकली'. मग 'हार्ड'चं 'हार्डली' का नको? हिशेब बरोबर वाटतो. पण 'हार्ड' हा शब्द विशेषण आहे तसाच क्रियाविशेषणही आहे. कष्टानं, जोरात, मन लावून हे सगळं तो एकटाच सांगतो. त्याला शेपूट लागत नाही. 'फास्ट'चंही तसंच.

आणि 'हार्डली'? जुन्या काळी त्याचा अर्थ 'मुश्किलीनं' असाही होत असे. जे मुश्किलीनं घडतं ते थोडंच घडतं. असं करता करता अर्थ झाला 'जेमतेम, जवळजवळ नाहीच'. आपणही म्हणतो ना, 'मुश्किलीनं चार माणसं आली'? अगदी तसंच!

आता दोन खुणा लक्षात ठेवा. पहिली, जागेची. 'इट रेन्ड हार्ड' म्हणजे पाऊस धो धो पडला. 'इट हार्डली रेन्ड' म्हणजे पडलाच नाही म्हणा ना! 'हार्ड' क्रियापदाच्या मागून येतो, 'हार्डली' मुख्य क्रियापदाच्या आधी. दुसरी खूण अशी, की 'हार्डली'च्या पोटातच नकार असतो. त्याच्यासोबत पुन्हा 'नॉट' नको.

अशीच आणखी एक जोडी आहे बरं का! 'लेट' म्हणजे उशिरा, आणि 'लेटली' म्हणजे अलीकडे.

आई-बाबांनो, अशी चूक दिसली तर रागावू नका. मुलानं नियम लावून पाहिला, म्हणूनच ती झाली.

मग सांगा पाहू, या दोन वाक्यांत काय घालाल?
१) शी स्टडीज ... (ती मन लावून अभ्यास करते.)
२) आय ... नो हिम. (मी त्याला फारसा ओळखत नाही.)

उत्तरं : १) हार्ड २) हार्डली.

आणि निबंधातलं ते वाक्य? 'माय फादर वर्क्स हार्ड.' शेपूट गेलं, बाबांचे कष्ट परत आले!