ग्रीकांचा पर्शिया

जॉर्ज ग्रोटच्या ग्रीक इतिहासाचे परीक्षण लिहिताना जॉन स्टुअर्ट मिलने १८४६ मध्ये असे मत मांडले होते की, खुद्द इंग्लंडच्या इतिहासातली घटना म्हणून पाहिले तरी मॅरॅथॉनची लढाई हेस्टिंग्जच्या लढाईहून महत्त्वाची ठरते. हेस्टिंग्जमुळे इंग्लंडला नवा राजा मिळाला, एवढेच. मॅरॅथॉनला अथेन्स हरले असते तर ब्रिटन व सॅक्सन अजून अरण्यातच भटकत राहिले असते, असा त्याचा तर्क. हा स्वातंत्र्याचा भाष्यकार त्या वेळी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता, हे जाता जाता नमूद केलेले बरे. इंग्रजी अमदानीत आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या हाती ग्रीसचा जो इतिहास पडला, तो बव्हंशी याच वळणाचा होता. एका बाजूला मूठभर स्वतंत्र नागरिक, दुसऱ्या बाजूला चाबकाखाली हाकलेली आशियाई गुलामांची झुंड. एकीकडे बुद्धी व लोकशाही, दुसरीकडे ऐश्वर्य व जुलूम. आशियातच राहणाऱ्या मुलांनी हे चित्र मुकाट्याने पाठ केले आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळविले.

चित्रातील घटना खोट्या नाहीत. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीक शहरांनी इ. स. पू. ४९९ मध्ये इराणी सत्तेविरुद्ध बंड केले, अथेन्सने त्यांना जहाजे पाठविली, सार्डिस जाळले गेले. दरायसने ४९४ मध्ये मिलेटस उद्ध्वस्त करून त्याचा सूड घेतला. ४९० मध्ये मॅरॅथॉन, ४८० मध्ये थर्मापिली आणि सॅलॅमिस, ४७९ मध्ये प्लाटिया. मिलेटसच्या विध्वंसावर फ्रिनिकसने नाटक लिहिले तेव्हा अथेन्सचे प्रेक्षागार रडले आणि घरची दुःखे उघडी केली म्हणून नाटककाराला एक हजार द्राख्मांचा दंड झाला. ही वेदना बनावट नव्हती. इराण हे साम्राज्य होते आणि साम्राज्ये जे करतात ते त्यानेही केले.

प्रश्न आहे तो दोन बाजूंच्या सीमारेषेचा. मॅरॅथॉनच्या किनाऱ्यावर इराणी आरमाराला वाट दाखविणारा हिप्पियस हा अथेन्सचाच पदच्युत सत्ताधीश होता. झर्क्सीसचा सल्लागार डेमारेटस हा स्पार्टाचा परागंदा राजा. सॅलॅमिसच्या समुद्रात झर्क्सीसच्या बाजूने पाच जहाजे घेऊन लढणारी आर्टेमिसिया ही हॅलिकार्नेससची ग्रीक राणी. आणि तिची तोंडभरून स्तुती करणारा हिरोडोटस त्याच गावचा. प्लाटियाच्या रणांगणावर थीब्जचे ग्रीक इराणी सेनापती मार्डोनियसच्या फौजेत उभे होते. त्याच फौजेत भारतीयही होते. सुती वस्त्रे नेसलेले, वेताची धनुष्ये व लोखंडी टोकाचे बाण वागविणारे, असे हिरोडोटसने त्यांचे वर्णन केले आहे. याच मार्डोनियसने ४९२ मध्ये आयोनियातील लहानमोठ्या सत्ताधीशांना दूर करून तेथे लोकशाही राज्ये स्थापन केली, हेही हिरोडोटसच सांगतो, आणि हे ऐकून काही ग्रीकांना मोठे नवल वाटेल असेही म्हणतो. ते नवल अडीच हजार वर्षांनंतरही ओसरलेले नाही, कारण शालेय पुस्तकांत या वाक्याला सहसा जागा मिळालेली नाही.

परंतु या विषयावरील सर्वांत बोलका पुरावा इतिहासात नव्हे, नाटकात आहे. एस्किलस हा स्वतः मॅरॅथॉनला लढला. त्याचा भाऊ त्याच लढाईत पडला. सॅलॅमिसनंतर आठ वर्षांनी, ४७२ मध्ये, त्याने ‘पर्शियन’ हे नाटक अथेन्सच्या रंगभूमीवर आणले. आज उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी ग्रीक शोकांतिका. तिच्या प्रयोगाचा खर्च उचलला होता तरुण पेरिक्लीझने. प्रेक्षकांमध्ये सॅलॅमिसला वल्ही मारलेले हजारो नागरिक असणार. आणि इराण्यांनी जाळलेली अक्रोपोलिसवरील देवळे तेव्हा अद्याप नव्याने उभी राहिलेली नव्हती. अशा वेळी कवी प्रेक्षकांना कोठे नेतो? शत्रूच्या राजधानीत. तेथे राजमाता आटोसा मुलाची वाट पाहते आहे, वृद्ध मंत्री धास्तावले आहेत, निरोप्या पराभवाची वार्ता आणतो, पडलेल्या सरदारांची नावे एकामागून एक उच्चारली जातात, आणि थडग्यातून उठलेला दरायस मुलाच्या उद्दामपणाला दोष देतो. एकाही ग्रीक वीराचे नाव संपूर्ण नाटकात येत नाही, थेमिस्टोक्लीझचेसुद्धा नाही.

विजयाचा अभिमान या नाटकात नाही असे मुळीच नाही. सॅलॅमिसचे वर्णन ऐकताना प्रेक्षकांची छाती फुगली असलीच पाहिजे. तथापि आटोसाला पडलेले स्वप्न पाहावे. तिला दोन स्त्रिया दिसतात, एक इराणी वेषात, दुसरी ग्रीक. झर्क्सीस दोघींना रथाला जुंपतो; एक लगाम मानते, दुसरी जोखड मोडून टाकते. दोघींतला भेद येथे स्पष्ट आहे. पण कवीने त्यांना एकाच कुळातल्या सख्ख्या बहिणी म्हटले आहे. ज्याने शत्रूच्या हातून भाऊ गमावला त्याने हे लिहिले आणि अथेन्सने त्याला पहिले पारितोषिक दिले. जेत्याने पराभूतांच्या घरातील आकांत असा रंगवावा आणि जेत्या नगराने तो डोके टेकून नव्हे, पण शांतपणे ऐकून घ्यावा, याची उदाहरणे कोणत्याही वाङ्‌मयात फार नाहीत.

पुढची शंभर वर्षे तर या वैराची निव्वळ थट्टाच करतात. सॅलॅमिसचा शिल्पकार थेमिस्टोक्लीझ स्वदेशातून हद्दपार होऊन झर्क्सीसच्याच मुलाच्या आश्रयाला गेला. वर्षभरात तो इराणी भाषा शिकला आणि राजाने त्याला भाकरीसाठी एक, मद्यासाठी दुसरे आणि तोंडीलावण्यासाठी तिसरे अशी तीन शहरे नेमून दिली. अथेन्स आणि स्पार्टा एकमेकांशी झुंजू लागले तेव्हा स्पार्टाने इराणी पैशावर आरमार बांधले आणि ४०४ मध्ये अथेन्सला शरण आणले. मोबदल्यात आशियातील ग्रीक शहरांवरचा राजाचा हक्क स्पार्टाने मान्य केला होता. इराणी सुवर्णनाण्यावर धनुर्धाऱ्याची आकृती असे. राजाच्या हजारो धनुर्धाऱ्यांनी मला आशियातून हाकलले, असे स्पार्टाचा राजा आगेसिलॉस उपहासाने म्हणाल्याची आख्यायिका आहे. अखेर ३८६ मध्ये इराणी सम्राटाच्या पत्राने ग्रीकांचा आपापसांतील तह झाला. ज्या आयोनियन शहरांपायी युद्धाचा वणवा पेटला ती पुन्हा सम्राटाच्या पदरात पडली, तीही एक बाण न सोडता.

या काळात माणसे, वस्तू व कसब यांची ये-जा थांबली नव्हती. सूसा येथील आपल्या राजवाड्याच्या लेखात दरायस सांगतो की, दगड घडविणारे आयोनियाचे व सार्डिसचे होते. त्याच लेखात हस्तिदंत पुरविणाऱ्या प्रदेशांत सिंधूच्या प्रदेशाचेही नाव आहे. पर्सेपोलिस येथे १९३३ मध्ये मातीच्या हजारो विटिका सापडल्या. बहुतेक एलामी भाषेतील, मजुरांच्या शिध्याचे हिशेब असलेल्या. त्यांत ग्रीक मजुरांचे उल्लेख आहेत आणि एक विटिका चक्क ग्रीक लिपीत, मद्याच्या मापाची नोंद करणारी आहे. उलट दिशेने अथेन्सला गेले ते मोर. पिरिलाम्पीझ हा अथेन्सचा वकील इराणी दरबारी जाऊन आला आणि त्याच्या घरचे मोर पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येऊ लागले. मूळचा आपल्याकडचा हा पक्षी अथेन्समध्ये इराणी वैभवाचे प्रतीक ठरला. पेरिक्लीझने बांधलेले संगीतगृह झर्क्सीसच्या तंबूवरून बेतले होते, असे प्लुटार्कच्या काळीही सांगितले जात असे.

मग दोन संस्कृतींच्या सनातन वैराची भाषा आली कोठून? ‘बार्बरोस’ म्हणजे न कळणारी भाषा बडबडणारा. या शब्दाला तुच्छतेची धार चढली ती युद्धानंतर. आणि ती सर्वांत तीव्र झाली ग्रीकांची घरची घडी पार विस्कटल्यावर. इसोक्रेटीझने ३८० मध्ये, म्हणजे सम्राटाच्या त्या अपमानकारक तहानंतर सहाच वर्षांनी, सर्व ग्रीकांनी एक होऊन इराणवर चालून जावे असे आवाहन केले. आपसांतल्या भांडणाला बाहेरचा शत्रू हे औषध राजकारणात जुनेच आहे. ते अखेर अमलात आणले मॅसिडोनियाने, तेही थीब्ज धुळीला मिळवून आणि बाकीच्या ग्रीकांना लगाम घालून. अलेक्झांडरविरुद्ध ग्रॅनिकसच्या काठी शेवटपर्यंत लढले ते इराणच्या पगारी ग्रीक सैनिकांनीच. ३३० मध्ये पर्सेपोलिसचे प्रासाद जळाले, आणि अथेन्स जाळल्याचे उट्टे काढले असे जगाला सांगण्यात आले.

इराण्यांनी मॅरॅथॉनविषयी काहीच लिहून ठेवले नाही. त्यांची बाजू वाचण्याची सोय झाली ती बेहिस्तूनच्या शिलालेखाचे कोडे उलगडल्यावर. आणि ते उलगडणाऱ्यांत अग्रेसर होता रॉलिन्सन, कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी. म्हणून आता पारडे उलटे झुकवून इराणला उदारमतवादाचा आद्यपुरुष ठरविणे हा मात्र भाबडेपणा होईल. मिलेटसच्या गुलाम म्हणून नेलेल्या रहिवाशांना तो युक्तिवाद पटला नसता. खंत आहे ती निराळीच. हिरोडोटसने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच ग्रीक आणि परके या दोघांचीही थोर कृत्ये विस्मृतीत जाऊ नयेत अशी प्रतिज्ञा केली. इराणी मुलांना घोड्यावर बसणे, तीर मारणे व खरे बोलणे एवढेच शिकवितात, हे त्याने आदराने नोंदविले. त्याबद्दल प्लुटार्कने त्याला परक्यांचा पक्षपाती म्हणून हिणविले. एकोणिसाव्या शतकातील युरोपने इतिहासाचा जनक म्हणून मान हिरोडोटसला दिला आणि दृष्टी बरीचशी प्लुटार्कची उचलली. २००७ मध्ये थर्मापिलीवरील ‘थ्री हंड्रेड’ हा अमेरिकन चित्रपट झळकला आणि इराणने निषेध नोंदविला, तेव्हाही पडद्यावर तीच जुनी झुंड होती.

आपल्या भाषेत हा ग्रीक ‘यवन’ म्हणून आला. आयोनियनांचे नाव इराणी लोक ‘यौन’ असे उच्चारीत. या शब्दाचा प्रवास इराणमार्गेच झाला असावा. कार्ल्याच्या लेण्यांतील स्तंभांवर यवन दात्यांचे लेख आहेत. ग्रीक व भारतीय यांची एक त्याहून जुनी भेट हिरोडोटसने सांगितली आहे, ती दरायसच्या दरबारातली. दरायसने ग्रीकांना विचारले, किती पैसे दिले तर तुम्ही मृत वडिलांचे मांस खाल? कितीही दिले तरी नाही, असे ते उत्तरले. मग त्याने कलाती नावाच्या भारतीयांना बोलाविले. त्यांच्यात म्हणे वडिलांचे मांस खाण्याची रीत होती. ही माहिती हिरोडोटसला कोणी दिली कोण जाणे! वडिलांचे प्रेत जाळायला काय घ्याल, असे विचारताच ते आक्रोश करून म्हणाले, असले अभद्र बोलू नका. प्रत्येकाला आपलीच रीत श्रेष्ठ वाटते, एवढेच हिरोडोटसला सांगायचे आहे. हा संवाद चालू असताना ग्रीक तेथेच उभे होते आणि दुभाष्याकरवी त्यांना तो समजत होता, असेही तो आवर्जून नोंदवितो.