अ‍ॅम्प्लिफायरमध्ये म्हातारं काय होतं?

जुना अ‍ॅम्प्लिफायर बोलेनासा झाला की घरात कुणीतरी म्हणतं, 'मशीन गेलं, भंगारात काढा.' पण झाकणाचे स्क्रू काढून आत डोकावलं की लक्षात येतं, अख्खं मशीन सहसा जात नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या ट्रान्झिस्टरमधलं सिलिकॉन आजही जवळजवळ तसंच असतं. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यालाही वयाचं काही वाटत नाही. थकतं ते आतलं ओलं, हलणारं आणि जोडलेलं. म्हणजे कपॅसिटरमधलं द्रावण, नॉब आणि स्विचचे काँटॅक्ट, सोल्डरचे टाके. यातली प्रत्येक गोष्ट नवख्या माणसाच्या आवाक्यातली आहे, आणि प्रत्येकीमागचं विज्ञान थक्क करणारं आहे.

एनएडी ३०२० चं उदाहरण घेऊ. १९७८ साली आलेला, एरिक एडवर्डसन या नॉर्वेच्या अभियंत्याने आखलेला हा अ‍ॅम्प्लिफायर. कागदावर ताकद फक्त २० वॅट, आणि तरीही तो लाखोंच्या संख्येने विकला गेला. त्याच्या पाठीमागे यू आकाराच्या धातूच्या छोट्या कड्या दिसतात. त्या प्री-अ‍ॅम्प आणि पॉवर-अ‍ॅम्प एकमेकांना जोडतात. कड्या काढल्या की मशीनचे दोन तुकडे होतात आणि दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते तिथल्या तिथे कळतं. एक बाजू मुकी झाल्याची तक्रार पुष्कळदा या कड्यांवर चढलेल्या काळ्या थरापाशीच संपते. काढा, घासून पुसा, परत लावा.

पण प्लग लावण्याआधी सिरीज बल्ब हवा. आपल्याकडचे मेकॅनिक तो वर्षानुवर्षं वापरत आले आहेत, आणि माझ्या मते घरगुती दुरुस्तीतली ही सगळ्यात शहाणी युक्ती आहे. मेन्सच्या फेज वायरमध्ये एक साधा फिलामेंटचा बल्ब घालायचा, एलईडी चालणार नाही. ६० वॅटच्या बल्बची तार थंड असताना मल्टिमीटरवर साठ-सत्तर ओहम दाखवते. तीच तार पूर्ण पेटली की जवळपास ८८० ओहमची होते. म्हणजे करंट वाढला की अडथळा आपोआप वाढतो. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, मेन्सचा बहुतेक सगळा दाब स्वतःवर घेतो आणि मशीन वाचतं. मशीन ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो, कारण रिकामे कपॅसिटर भरून घेत असतात, आणि मग मंद होत नुसती तांबूस तार उरते. हे पाहताना आतली हालचाल डोळ्यांना दिसते.

इथे सुरक्षिततेबद्दल ठाम बोलायला हवं. प्लग काढला तरी मोठे कपॅसिटर भरलेलेच राहू शकतात. १०,००० एमएफडीचा (म्हणजे मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर ४० व्होल्टला भरला असेल तर त्यात ८ जूल ऊर्जा बसलेली असते. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ती उडवायची सवय वाईट. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी काही सेकंद जोडा, मग मीटर लावून खात्री करा. आणखी एक खबरदारी. कोकणात, गोव्यात पुष्कळ घरांत आखातातून किंवा जहाजावरून आलेली मशीनं असतात. त्यांचा पाठीमागचा व्होल्टेज सिलेक्टर ११० वर आहे की २४० वर, हे सर्वात आधी पाहायचं.

आता त्या कपॅसिटरच्या पोटात जाऊ. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये द्रावणात भिजलेला कागद, सगळं गुंडाळून डबीत भरलेलं. विजेला अडवतो तो मात्र कागद नव्हे. अडवतो तो पट्टीवर चढवलेला ऑक्साइडचा थर. दर व्होल्टमागे साधारण दीड नॅनोमीटर या हिशेबाने ५० व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये तो पाऊणशे नॅनोमीटरच्या आसपास असतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका. या थरात कुठे बारीक खोट निर्माण झाली तर द्रावणाच्या आणि विजेच्या मदतीने तिथे नवा ऑक्साइड तयार होतो. हा भाग स्वतःची जखम स्वतः भरतो! मशीन वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं की थर दुबळा होतो. वर्षानुवर्षं गरम चाललं की द्रावण सुकतं. दर दहा अंश तापमानवाढीमागे आयुष्य निम्मं, हा यातला प्रसिद्ध अंदाज.

वीजपुरवठा सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर सुकला असेल तर तो कानाने ओळखता येतो. आपली मेन्स ५० हर्ट्झची. रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे एका दिशेला वळवतो, म्हणून फिल्टरमधून निसटलेली घरघर १०० हर्ट्झची असते. अर्थिंगच्या किंवा वायरिंगच्या घोळाची घरघर बहुधा ५० हर्ट्झची. म्हणजे दोन दोषांत बरोबर एका सप्तकाचं अंतर! गाणं शिकलेल्या माणसाला हा दोष मीटरशिवाय ओळखता यावा. बदलताना एमएफडी तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, तापमान १०५ अंशांचं, आणि अंगावरची पट्टी म्हणजे निगेटिव्ह हे विसरू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत हे सहज मिळतात.

व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर म्हणजे कार्बनच्या पट्टीवरची घाण. काँटॅक्ट क्लीनर आत मारून नॉब पुष्कळदा पुरा फिरवला की बहुधा जाते. ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला टाका, शोधायला भिंग लागतं. टाक्याभोवती केसासारखी गोल चीर दिसली की जुना टिन काढून नवा भरायचा.

खरी मौज पुढे आहे. आउटपुटला ट्रान्झिस्टरची जोडी असते. ३०२० मध्ये दर चॅनेलला एक २एन३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे२९५५. एक लाटेचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. दोघांनी मिळून ओढायची लांब करवत आठवा. एकाची ओढ संपताना दुसऱ्याची पकड आधीच बसलेली नसेल तर मध्ये झटका बसतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत जागाच होत नाही, म्हणून दोघांनाही सतत थोडा करंट देऊन जागं ठेवतात. हा बायस. तो कमी पडला की आवाज मोठा असताना काही कळत नाही, हळू असताना मात्र कळतं, कारण लाट लहान आणि फट तेवढीच. तानपुऱ्याची जवारी मंद आवाजात करकरीत लागली तर संशय बायसचा घ्या.

बायस प्रीसेटने, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने, जुळवतात. एमिटर रेझिस्टर ०.२२ ओहमचा असेल आणि त्यावर १० मिलिव्होल्ट मिळाले तर करंट ४५ मिलिअँपिअर. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. मशीन तापलं की हा आकडा हलतो. एक अंश तापमान वाढलं की ट्रान्झिस्टरला लागणारा दाब सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो, करंट वाढतो, तो आणखी तापतो, आणि असं करत जळूनही जातो. म्हणून हीट सिंकला खेटून एक सेन्सर बसवतात. त्याचाही दाब उष्णतेने उतरतो, आणि बायस आपोआप कमी होतो.

एक गोष्ट नवशिक्याला चकवते. कोणत्याही एका जागी दोष असला तरी सगळीकडचे व्होल्टेज बिघडलेले दिसतात. याचं कारण निगेटिव्ह फीडबॅक. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत होते, बेल लॅबोरेटरीजमधल्या कामावर निघालेले. त्यांना ही कल्पना सुचली आणि ती त्यांनी हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर उतरवली. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून आत परत आणला की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या चुका स्वतः कमी करतो. सगळं सर्किट एका वर्तुळात बांधलं जातं, म्हणून एक कडी तुटली की सगळं वर्तुळ डळमळतं. यावर उपाय म्हणजे चालू बाजूशी तुलना. स्टिरिओमध्ये उजवा आणि डावा चॅनेल सारखेच असतात. चांगल्या बाजूचे व्होल्टेज वहीत लिहा आणि बिघडलेल्या बाजूला त्याच जागी मोजत चला.

स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवरचा डीसी मोजा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असायला हवा. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडू नका, त्याची कॉइल जळेल. आणि पहिलं मशीन व्हॉल्व्हचं निवडू नका, तिथे तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात. वीस-तीस वॅटचा, सर्व्हिस मॅन्युअल मिळणारा, ट्रान्झिस्टरचा साधा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, घरात आणखी कुणी असताना कामाला बसा, आणि भंगारवाल्याला एवढ्यात हाक मारू नका.