वर्गाचा ग्रुप आणि घराचा नंबर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी होऊन शाळांना कुलुपे लागली, आणि त्या संकटातून रायगडचा किनारा सावरतो न सावरतो तोच ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस येऊन आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोलमडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. वीज आणि रेंज परतल्यावर शिक्षकांनी मिळेल त्या नंबरावर, मग तो बापाचा असो, आत्याचा असो की आजोबांचा, इयत्तावार व्हॉट्सॲप ग्रुप उघडून गृहपाठ धाडण्यास आरंभ केला. त्या दिवसांत याहून निराळा मार्ग नव्हता, आणि ज्या गुरुजनांनी तो काढला त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु आपत्काळी घाईने केलेली तजवीज आपत्काळ सरल्यावर पुन्हा तपासावी लागते, आणि नेमकी तीच तपासणी राहून गेली. शाळा उघडल्या, तरी ग्रुप राहिले. त्यांच्या जोडीला क्लासचे, क्रिकेटचे, गोविंदा पथकाचे ग्रुप निघाले, आणि त्यांत कोण आले, कोण गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नाला एक निराळीच बाजू आहे. नागाव, काशीद, दिवेआगर या गावांतून जाताना रस्त्यालगत ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी दिसते आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत मोबाइल नंबर रंगवलेला असतो. ज्या घरात एकच चांगला फोन आहे तेथे मुलाच्या वर्गाच्या ग्रुपमध्येही तोच नंबर असतो. ग्रुपमधील प्रत्येक सभासदास इतर सर्वांचे नंबर दिसतात, हे आपण जाणतो. पण पाटीवरचा नंबर टिपून घेणाऱ्या परक्या इसमासही, सेटिंग बदललेले नसेल तर, त्या नंबराचा डीपी दिसतो, आणि त्या डीपीत पुष्कळदा गणवेशातले मूल उभे असते, त्याच्या खिशावर शाळेचे बोधचिन्ह स्पष्ट वाचता येते. खोलीचे भाडे विचारण्यासाठी आलेल्या माणसाच्या हाती अशा रीतीने मुलाचा चेहरा, शाळा आणि राहते घर ही तिन्ही एकाच वेळी पडतात. धंद्याचा नंबर निराळा ठेवावा, निदान डीपीवरून मूल काढावे, ही माझी पहिली आणि आग्रहाची विनंती आहे.

दुसरी विनंती सेटिंगची. आपणांस ग्रुपमध्ये कोणी घ्यावे याची मुभा मूळ रचनेत सर्वांना दिलेली असते. प्रायव्हसीच्या सदरात ग्रुपच्या रकान्यात जाऊन ती केवळ आपल्या संपर्कातील व्यक्तींपुरती, किंवा त्यांतीलही काहींना वगळून, मर्यादित करता येते. व्हॉट्सॲपच्या नियमाप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलाने स्वतःचे खाते उघडू नये, हेही पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

खरा अपाय मात्र ग्रुपात होत नाही. तेथे केवळ गाठ पडते. पसरलेल्या इन्व्हाइट लिंकवरून आत शिरलेला माणूस समवयस्काच्या भाषेत बोलतो, खेळाची वा चेहऱ्याची स्तुती करतो, मग बोलणे खासगी चॅटवर नेतो, एकदाच दिसणारा फोटो मागतो, आणि तो दुसऱ्या फोनने टिपून ठेवून धमकी देऊ लागतो. कंपनीस हे संदेश वाचता येत नाहीत, ही गुप्तता आपल्या सर्वांच्या हिताची असली तरी तिच्यामुळे येथे पहारा देणारा कोणी नसतो. मूल त्या धमकीला भिते, परंतु घरी कळल्यास फोन जाईल या भयाने ते अधिक गप्प बसते.

मग ॲडमिनची जबाबदारी काय? गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी असा निवाडा दिला की, समान इरादा वा पूर्वसंगनमत असल्याखेरीज सभासदाच्या मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. पुढल्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने, ग्रुपात मुलांचा अश्लील मजकूर टाकला गेल्याच्या प्रकरणातही, हेच तत्त्व ग्राह्य मानले. दुसऱ्याच्या कृत्याबद्दल शिक्षा नको, हे न्याय्यच आहे. पण त्यामुळे ॲडमिन कर्तव्यातून मोकळा होतो असे मी मानीत नाही. अनोळखी नंबर कोणाचा हे विचारणे, लिंक रद्द करून नवी घेणे, नवा सभासद आपल्या मंजुरीवाचून येऊ न देणे आणि वर्ष संपताच ग्रुप मोडणे, एवढे तरी त्याने करावेच.

एक चूक सद्हेतूने होते, म्हणून तिच्यावर विशेष लिहिणे भाग आहे. मुलाचे अश्लील चित्र एखाद्या ग्रुपात येताच संतापलेला पालक ‘सावध राहा’ असे लिहून ते इतर पालकांच्या ग्रुपात पाठवतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमान्वये असे चित्र प्रसारित करणे हाच गुन्हा असून पहिल्या खेपेस पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून दारुण गोष्ट अशी की, चित्रातल्या मुलाची विटंबना त्या इशाऱ्याबरोबर घरोघर पोहोचते. चित्र पुढे पाठवू नये. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचे नाव, तारीख आणि वेळ कागदावर उतरवून तडक पोलीस ठाणे गाठावे.

अशी माहिती देणे हे ऐच्छिक नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने, मुलावर लैंगिक अपराध झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांस इत्तला देणे बंधनकारक केले आहे, आणि गावात बभ्रा नको म्हणून आपसांत मिटवणारा २१ व्या कलमाखाली स्वतः दोषी ठरू शकतो. ठाण्यात जाण्याचा संकोच वाटल्यास १०९८ हा मुलांसाठीचा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न सांगताही नोंदवता येते. मुलाने सर्व सांगितल्यावर त्याचा फोन हिसकावू नये, रागाच्या भरात चॅटही पुसू नये. त्याच फोनात पोलिसांना लागणारा पुरावा असतो, आणि तो घेऊन जाताना मुलाच्या शेजारी त्याच्या विश्वासातले वडीलधारे माणूस असावे.