सव्वापाच तासांची शिल्लक

११ दिवस, १८ तास, ४५ मिनिटे. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली ती एवढ्या वेळात. मर्यादा १२ दिवसांची होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर सायकल हाणल्यावर त्यांच्या हाती उरले सव्वापाच तास. त्यांच्या मागोमाग पोहोचले नागपूरचे डॉ. अमित समर्थ, ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत. त्यांच्याकडे तीन तासही उरले नाहीत. ही शर्यत एकट्याने पूर्ण करणारे हे पहिले दोन भारतीय. गोकुलनाथ यांचा मुक्काम तेव्हा नाशिकला होता, आणि आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, हीच शर्यत त्यांना अर्धवट सोडावी लागली होती.

नाशिकमध्ये सायकलवाल्यांचा सुकाळ आहे. पंढरपूरची सायकल वारी दरवर्षी निघते, सकाळी त्र्यंबक रस्त्याला हेल्मेटांची रांग दिसते. साहजिकच परदेशी मोहिमेची स्वप्नंही इथे पुष्कळ पाहिली जातात. ती पाहणाऱ्यांना घरचे पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला: ‘वाटेत काही झालं तर?’ उत्तर असं, की काहीतरी होणारच. चांगल्या मोहिमेचा आराखडा तेवढं गृहीत धरूनच आखलेला असतो. तो कसा, ते पाहू.

आधी गणित. १२ दिवस म्हणजे २८८ तास. ४८०० किलोमीटरला त्याने भागलं, तर ताशी साधारण पावणेसतरा किलोमीटर येतात. हा वेग शाळकरी पोरालाही जमेल. पण घड्याळ झोपेतही चालू असतं. दिवसाला ४०० किलोमीटर कापायचे, त्यात तीन तास झोप आणि कपडे, औषधपाणी, शौच यांत दीड तास धरला, तर चालवायला साडेएकोणीस तास उरतात. म्हणजे ताशी साडेवीसच्या खाली येऊन चालत नाही. स्वार ताशी २२ ने गेला तर दिवसाकाठी साधारण सव्वा तास शिलकीत पडतो. मोहिमेची खरी पुंजी ती एवढीच.

आता कॅन्ससच्या सपाटीवर समोरून वारा सुटला असं समजा. वेग २२ वरून १७ वर आला आणि असे फक्त १०० किलोमीटर गेले, तरी एक तास वीस मिनिटं जातात. दिवसभराची शिल्लक एका वाऱ्याने खाल्ली. पंक्चर, चुकलेलं वळण, उलट्या, गाडीचा बिघाड, सगळ्यांचा हिशेब याच भाषेत होतो: किती मिनिटं गेली आणि ती कुठून काढायची.

काढायला जागा थोड्याच असतात. पहिला हात झोपेवर पडतो, आणि माझ्या मते तिथेच बहुतेक मोहिमा बिघडतात. आज वाचवलेला एक तास उद्या पेंगत, नागमोडी चालवत दोन तासांनी फेडावा लागतो. अनुभवी क्रू चीफ आधी थांबे कापतो: जेवण चालत्या सायकलवर, कपडे बदलणं आणि मालिश एकाच थांब्यात, मोबाइल बंद. हे निर्णय स्वाराने घ्यायचेच नाहीत. पाचव्या दिवशी त्याला रस्त्याकडेच्या झुडपात माणसं दिसू लागलेली असतात. त्याच्या मताला तेव्हा काय किंमत द्यायची?

शिवाय सगळी उधारी शेवटावर ढकलता येत नाही. वाटेत पन्नासहून अधिक टाइम स्टेशन आहेत आणि काही ठिकाणी वेळेची मर्यादा आहे. कोलोरॅडोतलं ड्युरँगो आणि पुढे मिसिसिपी नदी ही त्यांतली महत्त्वाची ठिकाणं. आणि वाटही सोपी नाही. पहिल्याच दिवशी डोंगरावरून बोरेगो स्प्रिंग्सच्या वाळवंटात उतरावं लागतं. तिथे जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. नाशिकचा मे महिना अंगावर घेतलेल्या माणसालाही ती भट्टी जड जाते. मग अ‍ॅरिझोना, मॉन्युमेंट व्हॅली आणि कोलोरॅडोतली ३३०९ मीटर उंचीची वुल्फ क्रीक खिंड. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. कसारा घाटात कितीही फेऱ्या मारल्या तरी तिथली विरळ हवा काही मिळत नाही.

गाडीचा प्रश्न वेगळाच. रात्री स्वाराच्या पाठोपाठ क्रूची गाडी असणं सक्तीचं आहे. गाडी नाही तर सायकल पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे मध्यरात्री गाडीचा पट्टा तुटला, तर पायांत ताकद असूनही माणूस उभा. दुसरी गाडी आणि तिचा झोप झालेला चालक हा खर्च फार वाटतो, पण तो टाळून चालत नाही. रस्ता चुकला, तर जिथून चुकला तिथे परत जाऊन पुढे निघायचं. चुकीच्या वाटेवर घातलेले किलोमीटर धरत नाहीत.

शरीराच्या तक्रारींत मानेची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. ही शर्यत १९८२ मध्ये चार स्वारांनी सुरू केली. त्यांतला एक मायकेल शर्मर. १९८३ च्या शर्यतीत त्याच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर धरता येईना. तेव्हापासून या दुखण्याला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. हनुवटी छातीला टेकते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. दुखत नाही असंही होतं. स्नायू नुसते सोडून देतात. मग क्रू हँडल उंच करतो, गळ्याभोवती फोमचा पट्टा बांधतो, कधी हेल्मेटच्या मागून पाठीपर्यंत पट्टी ताणून डोकं अक्षरशः टांगून ठेवतो. उतारावर वेग सोडावा लागतो, त्यामुळे तासाचं गणित पुन्हा मांडायचं. मान पूर्ण गेली तर मात्र थांबणं हाच शहाणपणा. निकालात नावापुढे डीएनएफ, म्हणजे ‘पूर्ण केली नाही’ असं लागतं, आणि लागू द्यावं.

जोडीने जाणाऱ्यांचं गणित निराळं. नाशिकचे भूलतज्ज्ञ डॉ. हितेंद्र महाजन आणि दंतवैद्य डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ही शर्यत पूर्ण केली. गट म्हणून ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. इथे मर्यादा नऊ दिवसांची, म्हणजे थांबे धरून ताशी सव्वाबावीस किलोमीटर, अहोरात्र. एक चालवतो तेव्हा दुसरा गाडीत झोपतो, खातो, पुढे जाऊन उभा राहतो. दिवसा चालत्या सायकलींची चाकं एकमेकांना समांतर आली की पाळी बदलते. रात्री मात्र थांबूनच बदलायची. एकाचं पोट बिघडलं तर दुसऱ्याची पाळी एका तासाची दीड तासाची होते. शिल्लक घड्याळातून न जाता भावाच्या पायांतून जाते, आणि पुढच्या दिवशी वेग पडतो तेव्हा कळतं. म्हणून आजाऱ्याला पूर्ण बसवण्यापेक्षा सपाटीचे छोटे तुकडे देऊन गुंतवून ठेवणं बरं, असं मला वाटतं.

क्रू नसेल तर सगळा भार आराखड्यावरच. फ्रान्समधल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसमध्ये १२०० किलोमीटर बहुतेक जण ९० तासांच्या मर्यादेत करायला निघतात. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या ठाण्यांवर घेता येते. २०१९ मध्ये रात्रीची थंडी आणि समोरचा वारा यांनी बहुसंख्य भारतीयांना बाद केलं. आपल्याकडे उन्हाचा सराव होतो. तिथल्या ऑगस्टच्या रात्री बोटं गारठून गिअर बदलता न येण्याचा होत नाही.

आणि जगप्रवासाला निघालेल्यांची अडचण सायकलपेक्षा कागदांची. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं, रशियात बर्फात एकटीने रात्री काढाव्या लागल्या. या गोष्टी बातमीत येतात. भारतीय पासपोर्टवर व्हिसाच्या रांगेत गेलेले दिवस तेवढे येत नाहीत, पण वाट बदलायला तेही भाग पाडतात. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि एकदाच प्रवेशाची परवानगी असेल तर त्या क्षेत्राबाहेर पाऊल पडताच व्हिसा संपतो. गुडघा दुखला म्हणून दोन आठवडे थांबलात, की पुढच्या देशाची तारीख हुकते. म्हणून दर महिन्याला चार-पाच दिवस मोकळे ठेवायचे आणि तिकीट तारीख बदलता येईल असं घ्यायचं. महाग पडलं तरी.

सामानात एका वस्तूकडे सगळे दुर्लक्ष करतात: मागच्या डेरेलरचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचं, हँगर. बोटभर लांबीचा हा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा मुद्दाम मऊ असतो, म्हणजे धक्का बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. विमानात खोकं आपटलं की तो वाकतो, आणि गिअर चाकाच्या तारांत जातो. दर फ्रेमचं हँगर वेगळं. परक्या गावातल्या दुकानात तुमचं मिळेलच असं नाही. वजन नगण्य, किंमत किरकोळ, पण त्याच्यावाचून मोहीम आठवडाभर अडू शकते. खोक्यात भरताना डेरेलर काढून फ्रेमला फडक्यात गुंडाळून बांधावा.

कधी कधी अख्खी मोहीमच बदलते. लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांचं २०१९ मध्ये अमेरिकेतच, शर्यतीच्या तोंडावर कॉलरबोन मोडलं. पुढच्या वर्षी कोविडमुळे शर्यत रद्द झाली, तेव्हा त्यांनी तिची आभासी आवृत्ती घरच्या ट्रेनरवर पूर्ण केली. परदेशाची वाट बंद असली तरी देशातली होती: त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. हितेंद्र महाजन यांचा सतरा वर्षांचा मुलगा ओम याने श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर ८ दिवस ७ तास ३८ मिनिटांत कापलं. आणि निघालेले सगळेच पोहोचत नाहीत, हेही जुनंच: मुंबईहून १९२३ मध्ये सायकलवर निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी १९२८ मध्ये जगप्रदक्षिणा पुरी करून परतले तिघेच. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा.

तुमच्या मनात अशी मोहीम असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी जुलैच्या पावसात ६०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करून पाहा. मर्यादा ४० तासांची आहे. वाटेत किती मिनिटं कुठे गेली ते कागदावर लिहा, आणि व्हिसाच्या अर्जात एकाहून अधिक प्रवेशांची परवानगी मागा.