टेबलावर मांडण्याआधी

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेत घरी बनवलेलं यंत्र घेऊन आलेल्या माणसाचा उत्साह पाहत राहावा असा असतो. कुणाचं लसूण सोलायचं यंत्र, कुणाची सुधारित चूल, कुणाचं एकट्याने ओढता येणारं पेरणीयंत्र. विचारेल त्याला तो झाकण काढून आतली रचना दाखवतो, मोबाइलवर चित्रीकरणही करू देतो. "सगळ्यांनी पाहिलं, पेपरात फोटो आला, म्हणजे शोध माझ्या नावावर झाला," अशी त्याची समजूत असते. या समजुतीइतकं नुकसान दुसरी कुठलीच करत नसेल, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पेटंट कायदा, 1970 नुसार अर्जाच्या दिवशी शोध नवा असावा लागतो. लोकांसमोर उघड झालेली गोष्ट नवी धरली जात नाही, मग ती उघड करणारा खुद्द शोधक का असेना. कलम 31 मध्ये प्रदर्शनांसाठी 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. शाळेच्या सभागृहातलं किंवा कॉलेजच्या मांडवातलं प्रदर्शन त्यात सहसा बसत नाही. स्पर्धेच्या प्रमाणपत्राने कौतुक होतं, मालकी मिळत नाही. स्टँपपेपरवर वर्णन लिहून नोटरी करून घेतलं, तर फार तर तारीख सिद्ध होईल. उद्या शेजारच्या गावातल्या वर्कशॉपने तेच यंत्र बनवायला घेतलं, तर त्या कागदाच्या जोरावर त्याला थांबवता येणार नाही.

"पेटंटला लाखो रुपये लागतात" हे ऐकून अनेक जण अर्जाच्या वाटेलाच जात नाहीत. एका व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सुरुवातीचं सरकारी शुल्क 1,600 रुपये आहे. पुढे तपासणीचं शुल्क वेगळं, वकील किंवा एजंट नेमला तर त्याची फी वेगळी. पण पहिलं पाऊल एवढ्यावर पडतं. यंत्र अजून पुरं झालं नसेल, तर प्रोव्हिजनल अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. यात घाई करून चार ओळी खरडू नयेत. शोधाचा गाभा त्या अर्जात नीट लिहिलेला नसेल, तर त्या तारखेचा फायदा त्या गाभ्याला मिळत नाही. आकृती काढा, कोणता भाग कशाला जोडलाय आणि त्याने काय होतं ते लिहा. अर्ज दाखल झाला की मग यंत्र खुशाल टेबलावर मांडा.

दुसरा गैरसमज थोडा नाजूक आहे: पेटंट मिळणार नसेल तर स्पर्धेत जाऊन काय उपयोग? सायकलच्या चाकावरचं कोळपं घ्या. ते गावोगावी वापरात आहे, त्यामुळे त्याचं पेटंट मागण्यात अर्थ नाही. आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या जुन्याच वस्तू नुसत्या एकत्र जोडल्या, तरी कायदा त्याला शोध मानत नाही. पण त्याच कोळप्याची उंची कमी-जास्त करायची सोय करून एखादीने आपली कंबरदुखी थांबवली असेल, तर स्थानिक स्पर्धेत त्याची किंमत मोठी आहे. तिथे उपयोग पाहिला जातो, आणि तो पाहिला गेलाच पाहिजे.

पदवीचं दडपणही काढून टाका. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे अल्पभूधारक शेतकरी होते. धानाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी जपल्या आणि त्यातून 'एचएमटी' तांदूळ उभा राहिला. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. (वनस्पतींच्या वाणांना पेटंट मिळत नाही; त्यांच्यासाठी 2001 चा वेगळा कायदा आहे.) आणि चकचकीत मॉडेल हवंच असंही नाही. मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली, ती किराणा माल तोलणाऱ्या यंत्राच्या आराखड्यावर.

मुलांच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात मॉडेलसाठी 10,000 रुपये जमा होतात. त्यातून बाजारातलं तयार मॉडेल आणून ठेवणं हा मुलावर अन्याय आहे. कल्पना त्याचीच असू द्या, वाकडी का असेना.

परीक्षकांना भाषण लागतं, हाही भ्रमच. त्यांना आकडे लागतात. "माझ्या चुलीला सरपण कमी लागतं" हे वाक्य सगळेच म्हणतात. जुन्या आणि नव्या चुलीवर एकाच भांड्यात दोन-दोन लिटर पाणी उकळा, आधी लाकूड तोला, उरलेलं पुन्हा तोला, वेळ टिपा. असं निदान तीनदा करा आणि ती वही टेबलावर ठेवा. पावसाळ्यात, सरपण ओलं असताना काय झालं, तेही तिच्यात लिहा. जाणकार परीक्षक ते विचारणारच.