प्लॅन मोठा घेतला, तरी चित्र का अडते?

टीव्हीवर सामना रंगात आलेला असताना चित्र थांबले आणि पडद्यावरचे चक्र फिरू लागले, की चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंत एकच सल्ला मिळतो: प्लॅन वाढवा. चाळीस एमबीपीएसचा असेल तर शंभरचा घ्या, शंभरचा असेल तर दोनशेचा. शेजारी हेच सांगतो, दुकानदार हेच सांगतो, कनेक्शन जोडून देणाराही हेच सांगतो. मग दरमहा जास्तीचे पैसे जातात आणि चित्र पुन्हा त्याच जागी अडते. नेटफ्लिक्सने ग्राहकांसाठी दिलेले आकडे तरी पाहावेत. ७२०पी चित्राला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५. म्हणजे चाळीसच्या प्लॅनवर फोर-केचे दोन टीव्ही चालून फोनपुरते नेट उरते. पाच एमबीपीएसवर चालणारे चित्र चाळीस मिळूनही थांबत असेल, तर उणीव प्लॅनमध्ये नाही. ती शोधायची सोडून प्लॅन वाढवायला सांगणे म्हणजे लोकांचा पैसा फुकट घालवणे आहे.

इंटरनेटवरचा व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. टीव्ही पुढचे तुकडे आधीच मागवून साठवतो आणि साठा संपला की चित्र थांबते. त्यामुळे क्षणभर मिळणाऱ्या मोठ्या वेगापेक्षा तुकडे नियमित पोचणे महत्त्वाचे. चित्रपट सुरळीत चालतो आणि क्रिकेट अडते, त्यामागेही हेच कारण आहे. चित्रपटाचे पुढचे तुकडे तयारच असतात, म्हणून मोठा साठा करता येतो. सामन्याचे तुकडे सामना घडेल तसेच तयार होतात, म्हणून साठा लहान राहतो आणि दोन-चार सेकंदांचा खंडही लगेच दिसतो. असे खंड बऱ्याचदा राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या दहा-बारा मीटरमध्ये पडतात. वायफायच्या एका चॅनेलवर सहसा एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. मागच्या खोलीतला जुना फोन कमजोर सिग्नलवर रखडत काही उतरवून घेत असेल, तर तो टीव्हीचाही वेळ खातो. प्लॅन कितीही मोठा असला तरी ही रांग तशीच राहते.

आपल्याकडच्या घरांत या रांगेत आणखी अडथळे आहेत, आणि शहरी सल्ल्यांत ते क्वचित सापडतात. पहिला कूलर. पत्र्याचा सांगाडा, भरलेली टाकी आणि ओल्या जाळ्या, हे सगळे राउटर आणि टीव्हीच्या मधोमध उभे असते. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते. उन्हाळ्यातच टीव्ही जास्त अडतो अशी तक्रार असेल, तर आधी कूलर कुठे आहे ते पाहावे. मातीच्या जाड भिंती आणि पत्र्याचे आडोसे यांचाही असाच परिणाम होतो. दुसरा अडथळा उष्णतेचा. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस लिहिलेली असते, आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. त्यात राउटर टीव्हीमागे किंवा काचेच्या शोकेसमध्ये कोंबला, तर तापून अडखळतो, कधी स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. राउटर मोकळ्या जागी, छातीच्या उंचीवर, हवा लागेल असा ठेवावा. टीव्ही त्याच खोलीत असेल आणि त्यात वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याची सोय असेल, तर ती निवडावी. भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झ जास्त पोचते, पण गर्दीही तिथेच असते. या सगळ्यापेक्षा खात्रीचा उपाय साध्या लॅन केबलचा. बऱ्याच टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते, म्हणून काही जण ते हिणवतात. फोर-केला १५ लागतात, हे ते विसरतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: भामरागड-एटापल्लीकडे लाइनच धड नसते, तिथे राउटर हलवून काय होणार? काही होणार नाही. म्हणूनच आधी तपासावे. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून फास्ट डॉट कॉमवर वेग पाहावा, सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा. नेटफ्लिक्सनेच ही चाचणी चालवलेली असल्याने नेटफ्लिक्सचे चित्र जिथून येते त्या वाटेचा अंदाज मिळतो. मग टीव्हीवरच्या अ‍ॅपमधली नेटवर्क चाचणी घ्यावी. केबलवर वेग चांगला आणि टीव्हीवर पडलेला असेल, तर दोष घरात आहे. केबलवरही रात्री वेग कोसळत असेल, तर दोष बाहेर आहे. मग सेवा देणाऱ्याकडे आकड्यांसह तक्रार करावी आणि तोवर अ‍ॅपमध्ये दर्जा ७२०पीवर बांधून ठेवावा. राउटरशेजारी उभे राहून फोनवर घेतलेली चाचणी टीव्हीबद्दल काहीच सांगत नाही. जंगलामुळे नेट चालत नाही, हेही सरसकट खरे नाही. मोबाइलच्या सिग्नलला दाट, ओली झाडी अडवते, पण फायबरमधल्या प्रकाशाला सागवानाने काही फरक पडत नाही. रस्त्याच्या कामात फायबर तुटते, तो प्रश्न वेगळा.

इतर सल्लेही असेच पारखून घ्यावेत. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा, हा सल्ला चंद्रपूरच्या ऊर्जानगरसारख्या दाट वसाहतीत उपयोगाचा आहे. आजूबाजूला दुसरा राउटरच नसलेल्या कोरचीकडच्या पाड्यात त्याने फरक पडणार नाही. जास्त अँटेना म्हणजे जास्त पल्ला असे नसते. डीएनएस बदला असेही सांगतात, पण तो फक्त संकेतस्थळाचा पत्ता शोधून देतो, व्हिडिओचा वेग वाढवत नाही. फायबरमधून आकाशातली वीज घरात येत नाही, कारण काच वीजवाहक नाही. पण काही केबलमध्ये आधाराची पोलादी तार असते आणि अडॅप्टर तर विजेच्या बोर्डालाच जोडलेला असतो, म्हणून कडकडाट सुरू झाला की अडॅप्टर काढावाच.

उपग्रहाचे नेट आले की सगळे सुटेल, ही नवी समजूत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्र केले, त्यात गडचिरोलीचे नाव आहे, आणि जिथे फायबर पोचत नाही तिथे त्याची गरज खरी आहे. पण डिश नेट छपरापर्यंत आणते. तिथून टीव्हीपर्यंत तीच भिंत आणि तोच कूलर. शिवाय या जोडणीत झाडांची अडचण खरी आहे. डिशला मोकळे आकाश लागते, आणि अंगणातला मोह मध्ये आला की जोडणी तुटत राहते.